दिवस भरण्यापूर्वी



आजच्या विषयाची पाटी बाहेर लागली, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला वाटेतच गाठले. म्हणाले, "अहो, उन्हाळ्याच्या रात्री वारा खायला म्हणून लोक मैदानात येणार, आणि तुम्ही त्यांना शिसे आणि पारा पाजणार!" स्नेह्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. काल या व्यासपीठावर काव्यविचार झाला, उद्या शिवकालीन किल्ले आहेत. मध्येच हे शिसे कोठून आले, असे आपल्यालाही वाटत असेल. पण ज्या विषयाचे सुरुवातीचे पुरावे छापखान्यांचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यातून गोळा झाले, त्याचा वाङ्मयाशी काहीच संबंध नाही असे तरी कसे म्हणावे? ती हकीगत पुढे येईलच.

आमच्या लहानपणी घरात एखादे बाळंतपण अवेळी झाले की वडीलधाऱ्या बायका बोटांच्या पेरांवर महिने मोजीत. सातवा म्हटला की जरा धीर येई. आठवा म्हटला की चेहरे उतरत. सातमाशे मूल जगते, अठमाशे जगत नाही, ही समजूत आपल्याकडे घरोघर होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यांचीही नेमकी हीच समजूत होती, हे वाचून आम्हांला मौज वाटली. समजूत खोटी आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा मुलाच्या पदरात पडतो. सातव्यापेक्षा आठवा केव्हाही बरा, आणि आठव्यापेक्षा नववा. सदतीस आठवडे पुरे होण्याआधी झालेला जन्म तो अकाली जन्म, अशी आता सर्वत्र मान्य झालेली व्याख्या आहे. २०२० साली जगात असे सुमारे १ कोटी ३४ लाख जन्म झाले आणि त्यांतले जवळजवळ ३० लाख एकट्या भारतात. पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आज हेच आहे.

का होते असे? कारणे पुष्कळ आहेत. रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी मुले, फार कोवळे वय, पंडुरोग, अपुरे अन्न, कष्ट. आणि पुष्कळ वेळा डॉक्टरलाही कारण सांगता येत नाही. या सगळ्यांविषयी एका व्याख्यानात बोलणे शक्य नाही आणि आमचा तो अधिकारही नाही. आज आम्ही एकाच कारणाविषयी बोलणार आहोत. ते सर्वांत मोठे आहे असा आमचा दावा नाही. ते सहसा कोणी विचारीत नाही, एवढेच.

कोणी विचारीत नाही असे म्हणताना आम्ही स्वतःला वगळीत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या इस्पितळात काम करीत होतो, तेथे एक बाई बत्तिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. आधी दोनदा पोट पडलेले. मूल दीड किलोच्या आतले. ते जगले नाही. आम्ही तिला रीतीप्रमाणे सगळे विचारले. पडलीस का, जड उचललेस का, ताप आला होता का, घरात मारहाण होते का. केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यापुढे आम्ही 'गृहिणी' असे लिहिले आणि सही केली. पुढे दोन वर्षांनी तिच्या जावेचा मुलगा पोटदुखीने आणि फिकटपणाने दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेला. त्यांनी रक्तातले शिसे तपासून घेतले आणि ते भलतेच वाढलेले निघाले. मग कळले की त्या घरातले पुरुष मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतल्या शिशाच्या पट्ट्या परसात कढईत वितळवीत. धूर स्वयंपाकघरात येई. ही गृहिणी त्याच परसात भांडी घाशी आणि त्याच पुरुषांचे कपडे धुई. तिचे मूल शिशानेच गेले असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. एका बाईच्या बाबतीत तसे म्हणता येत नसते. पण आम्ही विचारले नाही, हे तर खरे.

आता त्या खिळ्यांच्या कारखान्याची गोष्ट. १८६० साली पॅरिसमध्ये कॉन्स्टँटिन पॉल नावाच्या डॉक्टरांनी एक निबंध प्रसिद्ध केला. छापखान्याचे खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असत, हे आपल्यातल्या जुन्या मुद्रकांना ठाऊक आहे. पॅरिसमध्ये ओतलेले खिळे घासून गुळगुळीत करण्याचे काम बायका करीत. या बायकांच्या संसाराची चौकशी करता करता पॉल यांच्या ध्यानात आले की, कामावर येण्यापूर्वी ज्यांची बाळंतपणे सुखरूप झाली होती, त्यांचे दिवस कामावर आल्यानंतर पुरे होईनासे झाले आहेत. त्यांनी माहिती जमविलेल्या १२३ गर्भधारणांपैकी ६४ गर्भपातात संपल्या होत्या. ज्यांनी काम सोडले, त्यांतल्या काहींना पुन्हा धडधाकट मुले झाली. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदविली. शिशाचे काम फक्त नवरा करीत असला, तरी बायकोच्या गर्भावर परिणाम दिसतो. आमच्या 'गृहिणी' या शब्दाची लाज आम्हांला वाटते ती येथे. दीडशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलेले होते.

इंग्लंडात स्टॅफर्डशर नावाचा चिनीमातीच्या भांड्यांचा मुलूख आहे. भांड्यांना जी चकाकी येते, तिच्यासाठी शिशाचा लेप वापरीत. तेथील कारखान्यांची तपासणी करणाऱ्या स्त्री अधिकाऱ्यांनी १८९७ साली शिशाची बाधा झालेल्या ७७ विवाहित कामकरणींची चौकशी केली. त्यांतल्या पंधराजणींना कधी दिवसच गेले नव्हते. आठजणींना मिळून एकवीस मुले मृत जन्मली होती. पस्तीसजणींचे मिळून नव्वद गर्भपात झाले होते. हे आकडे वाचताना एक विचार मनात येतो. अशा प्रत्येक वेळी त्या घरातल्या सासूने सुनेला काय काय बोलले असेल! माती स्टॅफर्डशरची असली म्हणून सासू निराळ्या थोड्याच असणार?

पुढची गोष्ट ऐकायला जरा कठीण आहे, पण ती वगळणे अप्रामाणिक होईल. त्याच सुमारास, म्हणजे १८९० नंतर, शेफील्ड, लेस्टर, नॉटिंगहॅम या भागांतल्या गरीब बायकांना हा परिणाम डॉक्टरांच्या आधी उमगला होता. मुरदाडशिंग तेलात शिजवून केलेला एक मलम जखमांवर लावण्यासाठी औषधाच्या दुकानात सहज मिळे. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी बायका त्या मलमाच्या गोळ्या करून गिळू लागल्या. हिरड्यांवर निळी रेघ, पोटात कळा, हातपाय लुळे, अशा अवस्थेत त्या इस्पितळात येत आणि काही मरत. शेफील्डचे डॉक्टर हॉल आणि नॉटिंगहॅमचे डॉक्टर रॅन्सम यांनी १९०५ च्या सुमारास यावर लिहिले, आणि १९१७ साली तो मलम विषांच्या यादीत गेला. शिसे गर्भाशयावर काय करते, याचा याहून क्रूर पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेला देता आला नसता.

एवढे सगळे कळल्यावर सरकारांनी केले काय? ते पाहण्यासारखे आहे. सफेता, म्हणजे पांढऱ्या रंगासाठीचे शिसे, ज्या कारखान्यांत होई, तेथील घातक कामांवरून १८९८ साली इंग्लंडने बायकांना काढून टाकले. १९२१ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने घरांच्या आतल्या रंगकामात सफेता वापरू नये असा करार केला. इंग्लंडने तो स्वीकारला नाही. त्याऐवजी १९२६ साली कायदा करून बायकांनी इमारतींना शिशाचा रंग देऊ नये असे ठरविले. इंग्लंडच्या कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक सर टॉमस लेग यांनी या प्रश्नावर त्याच वर्षी आपल्या पदाचा राजीनामा दिला. आम्हांला या माणसाविषयी मोठा आदर वाटतो. बाईला शिशापासून दूर करावयाचे की शिशाला माणसांपासून, हा तो प्रश्न होता. बाईला दूर केले. शिसे भिंतींवर चढले, पुढे पेट्रोलमध्ये मिसळले, आणि ज्या घरात ती बाई परत गेली होती त्या घरात तिच्या मागोमाग आले.

येथे कोणी म्हणेल, ठीक आहे, पण गर्भारपणाचे नऊ महिने जपले म्हणजे झाले. दुर्दैवाने शरीराचा हिशेब असा महिन्यांवर बांधलेला नाही. शिसे शरीरात गेले की शरीर त्याला कॅल्शियमचा भाऊबंद समजते आणि कॅल्शियमच्या घरात, म्हणजे हाडांत, नेऊन ठेवते. मोठ्या माणसाच्या शरीरातील शिशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हाडांत असतो आणि तेथून तो निम्मा व्हायलाच दहावीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. गर्भारपणात, आणि अंगावर पाजण्याच्या काळात तर विशेषच, मुलाच्या हाडांसाठी कॅल्शियम लागते. आहारातून ते पुरेसे आले नाही, तर आईची हाडे ते पुरवितात. त्या हाडांतून कॅल्शियमबरोबर जुने शिसेही बाहेर निघते. वार त्याला अडवीत नाही. बाळाच्या नाळेतल्या रक्तात आईच्या रक्ताइतकेच, फार तर किंचित कमी, शिसे सापडते.

हे सिद्ध कसे झाले, ते ऑस्ट्रेलियातल्या एका सुंदर संशोधनात आहे. प्रत्येक खाणीच्या शिशाची अणूंच्या प्रमाणांवरून ओळख पटते, जशी प्रत्येक गावच्या बोलीची पटते. ऑस्ट्रेलियातले बहुतेक शिसे ब्रोकन हिलच्या खाणीचे. पूर्व युरोपातले शिसे निराळे. ब्रायन गल्सन यांनी पूर्व युरोपातून ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या स्त्रियांचे रक्त गर्भारपणात वेळोवेळी तपासले. देश सोडलेला होता, अन्नपाणी ऑस्ट्रेलियाचे होते; पण दिवस जात गेले तसतसे रक्तात माहेरचे शिसे वर येऊ लागले. माहेरची आठवण असते म्हणतात. ती हाडांतही असते.

आता याचा अर्थ आपल्यापुरता पाहा. आपल्या देशात पेट्रोलमधले शिसे २००० साली बंद झाले. त्याच्या आदल्याच वर्षी बंगलोरच्या जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह सात शहरांत तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे मिळाले. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्या मुलांत ज्या मुली होत्या, त्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आया झाल्या. आणि पेट्रोलमधले शिसे गेले म्हणून गोष्ट संपली नाही. २०२० साली युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात २७ कोटींहून अधिक मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आहे. त्यांतल्या मुलींच्या हाडांत आज जे साठत आहे, ते काढून घेणारे बाळ अजून जन्माला यावयाचे आहे.

पण थांबा. गेल्या शतकातल्या कारखान्यांतले शिसे भयंकर होते हे कबूल. आजच्या थोड्या शिशानेही दिवस अपुरे राहतात काय? येथे आम्हांला वकिलाची भूमिका सोडून न्यायाधीशाची घेतली पाहिजे, कारण पुरावा एका बाजूचा नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट पिरी नावाचे गाव आहे. ब्रोकन हिलचे खनिज तेथे १८८९ पासून वितळविले जाते. तेथे १९७९ ते १९८२ या काळात आठशेहून अधिक गर्भवतींची नोंद ठेवण्यात आली. ज्यांच्या रक्तात शिसे १४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त होते, त्यांच्यात अकाली प्रसूतीचा धोका ८ पर्यंत शिसे असलेल्यांच्या मानाने चौपटीहून अधिक निघाला. आता दुसरे गाव. त्यावेळच्या युगोस्लाव्हियात, कोसोव्होमध्ये, मित्रोविका. तेथेही शिशाची भट्टी. तेथील गर्भवतींच्या रक्तात शिसे चाळीसएक किलोमीटरवरच्या प्रिस्टिना शहरातल्या गर्भवतींच्या तिपटीहून जास्त. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८५ नंतर दोन्ही गावांतली बाळंतपणे तपासली. दिवस पुरे भरण्यात काही फरक दिसला नाही. मुलाच्या वजनातही नाही.

एकच धातू, दोन गावे, आणि उत्तरे दोन. असे पुरावे समोर आले की काही लोक म्हणतात, मग काहीच सिद्ध नाही, घरी चला. आम्हांला ते पटत नाही. बाळंतपण वेळेवर होण्याची दोरी अनेक पेडांची असते. एक पेड कच्चा असला तरी दुसरे तोलून धरतात. एका गावात पोषण निराळे, वय निराळे, तंबाखू निराळी. शिवाय रक्त कोणत्या महिन्यात तपासले यानेही फरक पडतो. त्यानंतरच्या काळात इराणात, तेहरानमध्ये, ज्या गर्भवती तपासल्या गेल्या त्यांच्या रक्तात शिशाची सरासरी ४ मायक्रोग्रॅमच्याही खाली होती. तरी ज्या वेळेआधी बाळंत झाल्या त्यांच्या रक्तात पहिल्या तिमाहीत ते थोडे जास्त होते. पोर्तो रिको बेटावरच्या मोठ्या पाहणीतही २०२० साली शिसे आणि अकाली जन्म यांचा संबंध दिसला. जपानात हजारो गर्भवतींच्या पाहणीत शिशाचा संबंध दिसला नाही. कॅडमियमचा दिसला, आणि तो फार लवकर होणाऱ्या जन्मांशी. सगळे समोर ठेवून आमचे मत असे आहे: शिसे जास्त असेल तर धोका निश्चित आहे, थोडे असेल तर तो असण्याचा संभव बराच आहे, आणि अमुक इतके शिसे निर्धोक असा आकडा आज कोणताही जबाबदार माणूस सांगू धजत नाही. शिवाय शिसे रक्तदाब वाढविते, आणि गर्भारपणात रक्तदाब वाढला की पुष्कळदा डॉक्टरलाच दिवस भरण्यापूर्वी मूल बाहेर काढावे लागते. धातूचा हात तेथे दिसत नाही. नोंद रक्तदाबाच्या नावावर होते.

पाऱ्याविषयी थोडक्यात सांगून पुढे जाऊ. जपानातल्या मिनामाता गावचा रोग १९५६ साली उजेडात आला. कारखान्याचा पारा समुद्रात, समुद्रातून माशांत, माशांतून माणसांत. वार मुलाचे रक्षण करते, असेच तोवर डॉक्टर मानीत. पण फारशा आजारी न दिसणाऱ्या आयांच्या पोटी मेंदू बिघडलेली मुले जन्मली आणि १९६२ साली तो समज सोडावा लागला. आपण नाळ पुरतो. जपानी लोक नाळेचा तुकडा वाळवून डबीत जपून ठेवतात. त्या डब्यांतल्या वाळलेल्या नाळा पुढे तपासण्यात आल्या आणि त्यांनी साक्ष दिली.

कॅडमियमचे तसे नाही. त्याला वार पुष्कळशी अडवून धरते, पण अडविता अडविता ते तिच्यातच साठते आणि तिचे काम बिघडविते. ते आपल्या घरात कोठून येते? पुष्कळदा तंबाखूतून. तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम ओढून पानांत साठविते. आणि तंबाखू म्हटली की आपल्या भगिनींच्या मिश्रीविषयी बोलणे भाग आहे. बिडी ओढणारी बाई आपल्याकडे विरळा; पण तव्यावर भाजलेली तंबाखू दातांना लावणारी घरोघर आहे. हे व्यसन आहे असे कोणी मानीतही नाही, ते दात घासणे आहे. मुंबईत १,२१७ गर्भवतींची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मिश्री किंवा तशीच बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची मुले सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सहा दिवसांनी लवकर जन्मलेली आढळली. बत्तीस आठवड्यांच्या आतल्या जन्मांचे प्रमाण तर कित्येक पटींनी जास्त होते. यात निकोटिनचा वाटा किती आणि कॅडमियम-शिशाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. बाळाला त्या वाटणीशी कर्तव्य नाही.

आता आपल्याच आळीत येऊ. शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. मारुतीला शेंदूर लावून त्याच हाताने प्रसाद वाटणाऱ्याला ते ठाऊक असतेच असे नाही. आमचे मारुतीशी भांडण नाही. हात धुवावेत, एवढेच. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करताना शुद्ध कथिलाऐवजी शिसे मिसळलेले कथील वापरले, तर आमटीचे आंबटपण ते शिसे विरघळवून घेते. कथील महाग आणि शिसे स्वस्त, यातच सगळे आले. घराच्या रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत नव्वदपेक्षा, जास्त नसावे असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि पुढच्या वर्षी अंमलात आला. पण त्याआधीचे रंग अजून खिडक्यांवर आहेत. डोहाळजेवणाच्या आधी हौसेने जुना रंग घासून काढण्याची चाल आम्ही पाहिली आहे. ते काम गर्भवती घरात असताना करू नये.

भस्मांविषयी बोलताना आम्हांला जपून बोलले पाहिजे, कारण समोर काही वैद्य मित्र बसलेले आहेत. २०११-१२ साली न्यूयॉर्क शहरात सहा गर्भवतींना शिशाची बाधा झालेली आढळली. सहापैकी पाचजणींचा जन्म भारतातला. सगळ्यांनी आपल्याकडून नेलेली आयुर्वेदिक औषधे घेतली होती, आणि काहींनी ती गर्भारपण नीट पार पडावे म्हणूनच घेतली होती. त्यांच्या रक्तात शिसे १६ पासून ६४ मायक्रोग्रॅमपर्यंत होते. नागभस्म म्हणजे शिशाचे भस्म, हे वैद्यांना सांगावयास नको. शास्त्रोक्त मारण केले की धातूचे विष जाते असे ग्रंथ म्हणतात. रक्ताची तपासणी तसे म्हणत नाही. आमची वैद्य मित्रांना हात जोडून विनंती आहे की, वनस्पतींचे भांडार आपल्याकडे अपार आहे; गर्भवतीच्या बाबतीत तेवढ्यावर भागवावे.

या सगळ्या काळोखात एक गोष्ट मात्र आम्हांला मोठी आशेची वाटते. बांगला देशातल्या खेड्यांत, जेथे भट्टी नाही, मोटारी थोड्या, तेथे ४३० गर्भवतींचे रक्त तपासले तर १३२ जणींत शिसे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघाले. कोठून आले? माती पाहिली, भांडी पाहिली. शेवटी अणूंची तीच ओळखपरेड केली, तेव्हा चोर हळदीच्या डब्यात सापडला. सांगलीकडच्या मंडळींना हळद शिजविणे, वाळविणे आणि ढोलात घालून तिला पॉलिश करणे हे नित्याचे आहे. तिकडे १९८० नंतर एकदा पुरात हळद भिजली, काळवंडली, आणि पॉलिश करताना तिला शिशाची पिवळी रंगभुकटी लावण्याची युक्ती कोणी काढली. पिवळीधमक हळद चढ्या भावाने विकू लागली, म्हणून पूर ओसरला तरी युक्ती राहिली. २०१९ साली हे प्रसिद्ध होताच तेथील अन्नसुरक्षा खात्याने बाजारात धाडी घातल्या, व्यापाऱ्यांना दंड केला, गावोगाव पत्रके लावली. त्या वर्षी बाजारातल्या हळदीच्या शंभर नमुन्यांपैकी सत्तेचाळीसांत शिसे होते. २०२१ साली एकातही सापडले नाही. त्या खेड्यांतल्या एकाही गर्भवतीला यासाठी पथ्य पाळावे लागले नाही, वा ताईत बांधावा लागला नाही. दुकानातली हळद बदलली.

मग घरातल्या बाईने काहीच करावयाचे नाही काय? थोडे आहे, आणि ते स्वस्तही आहे. मेक्सिको शहरात मातीच्या भांड्यांना शिशाचा लेप देण्याची जुनी चाल आहे. तेथे गर्भवतींना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले, तर रक्तातले शिसे सरासरी ११ टक्क्यांनी कमी झाले. हाडांवरचा उपसा कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या सरकारी दवाखान्यांत गर्भवतींना लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या उशीखाली न ठेवता घ्याव्यात. लोह कमी असले की शरीर शिसे अधिक ओढून घेते. दोन्ही गोळ्या एकाच वेळी मात्र घेऊ नयेत, एक दुसरीचे काम अडविते. घरात बॅटरीचे, रंगाचे, डाग देण्याचे वा भट्टीचे काम करणारा माणूस असेल, तर त्याने कामाचे कपडे कामावरच बदलावेत, अंघोळ करूनच घरात वावरावे, आणि अशा घरातल्या गर्भवतीने डॉक्टरला आपण होऊन तसे सांगावे. डॉक्टर विचारीलच असा भरवसा धरू नये. तो का धरू नये, हे आम्ही आमच्या उदाहरणाने मघाशी सांगितले आहे.

व्याख्यान चालू असताना व्यासपीठाकडे काही चिठ्ठ्या आल्या आहेत. वेळ झाली आहे, तरी त्यांतल्या एकीचे उत्तर देऊन खाली बसतो. नाव लिहिलेले नाही. अक्षर बाईचे दिसते. लिहिले आहे: "लग्नाआधी दहा वर्षे आम्ही भट्टीच्या मागच्या चाळीत राहत होतो. मला सहावा महिना आहे. आता काय उपयोग?"

ताई, उपयोग आहे. उद्या सकाळी दवाखान्यात जा आणि ही चिठ्ठी जशी लिहिली आहे तशीच डॉक्टरांना दाखवा. रक्तातले शिसे मोजता येते. आपल्या गावात ती सोय नसली तरी नमुना बाहेर पाठविता येतो. आकडा लहान आला, तर गोळ्या, दूध, नाचणी आणि वेळच्या वेळी रक्तदाब तपासणे एवढ्यावर भागते. मोठा आला, तर ज्या इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या मुलांची सोय आहे तेथे आत्तापासून नाव घालून ठेवावे लागेल, आणि पुढचे उपाय तेथले डॉक्टर ठरवतील. शिसे काढून टाकणारे औषध कोणी परस्पर देऊ केले तर घेऊ नका. गर्भारपणात ते जपून आणि क्वचितच देतात. भट्टीचा धूर तुम्ही मागितला नव्हता, तेव्हा घरात कोणी बोल लावला तर तो ऐकून घेऊ नका. आणि त्या चाळीत तुमच्या मागे जे राहावयास आले असतील, त्यांचा पत्ता जाण्यापूर्वी आम्हांला देऊन जा.